तिकिटांच्या हिशेबातून निघालेले सूत्र

वाहतूक नियोजनाची पाठ्यपुस्तके ‘गुरुत्व मॉडेल’ची वंशावळ न्यूटनपासून सुरू करतात आणि दोन-तीन ओळींत अमेरिकेत पोहोचतात. १९३१मध्ये विल्यम रायली यांनी कुठल्या शहराकडे किती गिऱ्हाईक ओढले जाते याचा नियम मांडला. १९५५मध्ये ॲलन व्हूर्हीस यांनी तो विचार शहरी रहदारीला लावला. मग डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांतून चार टप्प्यांचे मॉडेल उभे राहिले, आणि १९६०च्या दशकात विल्बर स्मिथ कंपनीबरोबर ही पद्धत मुंबईत उतरली. इथवर कुणाचा वाद नाही.

सूत्र अगदी साधे आहे. दोन ठिकाणच्या लोकसंख्यांचा गुणाकार करायचा, अंतर वाढेल तसा तो घटवत जायचा. दोहोंमधल्या ये-जाचा अंदाज हाती येतो.

पण या वंशावळीतून एक बेल्जियन पूर्वज गळाला आहे. बेल्जियमने १८३५मध्ये ब्रसेल्स ते मेखलेन गाडी सुरू केली आणि रेल्वे सरकारकडेच ठेवली. शेजारच्या इंग्लंडात कंपन्या एकमेकींवर कुरघोडी करत होत्या. नव्या मार्गावर किती उतारू मिळतील हे ठरवायला या कंपन्या रस्त्याकडेला माणसे बसवून गाड्याघोडे मोजत, आणि भागधारकांना भुलवायला तो आकडा फुगवत. बेल्जियममध्ये मात्र कोणत्या स्टेशनावरून कोणत्या स्टेशनाला किती तिकिटे फाटली याचा हिशेब एका जागी साचत गेला. आंरी-गियोम देझार या अभियंत्याने १८४६मध्ये तो चाळला आणि वरचेच सूत्र काढले. व्हूर्हीसच्या १०९ वर्षे आधी! पुढे ते विस्मरणात गेले. १८९१मध्ये ऑस्ट्रियाचा रेल्वे अभियंता एडुआर्ड लिल याने आपला ‘प्रवासाचा नियम’ पुन्हा नव्याने मांडला. देझारला अलीकडे उजेडात आणले ते अँड्र्यू ऑड्लिझ्को या गणितज्ञाने.

न्यूटनवाद्यांचा यावर आक्षेप असतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ हेन्री कॅरी याने १८५८मध्ये लिहिले होते की माणसेही कणांसारखी एकमेकांकडे खेचली जातात. तेव्हा कल्पना भौतिकशास्त्रातूनच आली, असे ते म्हणतात. तारखा पाहिल्या तर हे टिकत नाही. कॅरीच्या बारा वर्षे आधी देझारकडे सूत्र होते, आणि ते आकड्यांतून आलेले होते. एवढे मात्र मान्य करावे लागेल की त्या काळी शिकलेल्या कुठल्याही अभियंत्याच्या डोक्यात न्यूटन आधीच ठाण मांडून बसलेला असे. गुणाकाराचा साचा तयार मिळाला असेल. पण तो खरा ठरला तिकिटांवर. बड्या नावाला श्रेय चिकटण्याची खोड खानदेशातल्या धुळ्यालाही नवी नाही. तिथले सरळ रस्ते आणि नंबरवार गल्ल्या विश्वेश्वरय्यांनी आखल्या असे सर्रास सांगितले जाते. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले १८८४मध्ये. नवे धुळे आखून वसवले ते १८१९नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने. विश्वेश्वरय्यांचे त्या भागातले काम पांझरा नदीवरच्या पाणीनळाचे.

देझारचा समकालीन शार्ल मिनार हाही या कुळातलाच. नेपोलियनच्या रशिया मोहिमेच्या नकाशामुळे त्याचे नाव झाले, पण त्याचे मूळ काम रस्ते आणि पूल. रेल्वेचे प्रवर्तक टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या उतारूंची स्वप्ने पाहत असताना मिनार बजावत होता की गाडी भरते ती मधल्या स्टेशनांवर चढून मधेच उतरणाऱ्यांनी. १८४५मध्ये दिजों ते म्युलूझ लोहमार्गासाठी त्याने त्या भागातल्या घोडागाड्यांचे प्रवासी नकाशावर पट्ट्यांनी दाखवले. जितके प्रवासी जास्त तितका पट्टा रुंद.

खानदेशची रेल्वे आखणाऱ्यांची नजर मात्र लांबवर होती. मुंबईहून निघालेला जीआयपी या रेल्वे कंपनीचा फाटा १८६०च्या दशकात चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला गेला. तिथून एक वाट नागपूरकडे, एक जबलपूरकडे. जिल्ह्याचे ठाणे असलेले धुळे बाजूला राहिले आणि चाळीसगावहून त्याला शाखा मिळायला १९०० साल उजाडले. देझारचे सूत्र तेव्हा कुणी वापरले असते तर धुळ्याचा नंबर बराच आधी लागला असता, कारण त्या वेळी जळगावपेक्षा धुळे मोठे. उलट बाजूने कुणी म्हणेल की धुळ्याचा वळसा महाग पडला असता आणि कंपनीचा डोळा वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर होता. तेही खरेच.

आणि साध्या सूत्राची खरी खोट इथेच उघडी पडते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचा भाव चढला, रेल्वेने जळगावला पेठ बनवले, १९०६मध्ये पूर्व खानदेश वेगळा होऊन जळगाव त्याचे ठाणे झाले. २०११च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजारांवर होते आणि धुळे पावणेचार लाखांच्या आसपास. सूत्र लोकसंख्या ठरलेली धरते. रस्ता किंवा रूळ हीच ती लोकसंख्या उद्या बदलेल, हे त्याला दिसत नाही.

तपशीलवार मॉडेलांचे घराणे निराळे आहे. त्यांचा प्रश्न ‘किती जण’ हा नसून ‘हा माणूस असे का करतो’ हा असतो. डॅनियल मॅकफॅडन यांनी सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे धावण्याआधी एकेका प्रवाशाच्या निवडीवरून अंदाज बांधला की कामाला जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के तिने जातील. अधिकृत अंदाज होता १५ टक्के. प्रत्यक्षात निघाले ६.२. त्यांना २०००चे नोबेल मिळाले. १९९०च्या दशकात लॉस अलामोसच्या, म्हणजे अणुबॉम्बवाल्या, प्रयोगशाळेने अख्खे शहर माणसागणिक संगणकावर चालवणारे ट्रान्सिम्स रचले. तिथवर जळगाव-धुळ्याच्या महापालिकांचा खिसा पोहोचायचा नाही.

पण पैसा ही एकच अडचण नव्हे. विल्यम अलोन्सो यांनी १९६८मध्ये दाखवले की कच्च्या माहितीवर गुंतागुंतीचे मॉडेल चालवले तर चुका साचत जातात. हिशेब करून पाहावा: प्रत्येक आकड्यात १० टक्के चूक असेल आणि चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर दोन आकड्यांच्या गुणाकारात ती सुमारे १४ टक्के होते, सहा आकड्यांच्या गुणाकारात साडेचोवीसच्या जवळ जाते. ज्या शहरात शेअर रिक्षातला उतारू कुठल्याच वहीत नसतो, तिथे सहाऐवजी दोनच आकडे घेणे हा कंजूषपणा नाही.

आता जळगावचा महामार्ग. सुरत-धुळे-नागपूर हा जुना सहा क्रमांकाचा रस्ता खोटेनगर, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौक असा शहरातूनच जातो. ट्रकच्या मधून शाळा-कॉलेजच्या स्कूटी निघतात. केळीचा ट्रॅक्टर आला तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकात तो एकटाच चार-पाच मोटारींइतका धरावा लागतो. अपघातांनी हैराण झालेल्या लोकांनी समांतर रस्त्यांसाठी आंदोलने केली, आणि पाळधी ते तरसोद असा बायपासही आखला गेला. बायपासने किती भार हलेल, हे काढायला ट्रान्सिम्स लागत नाही. शहराच्या वेशीवर गाड्या थांबवून ‘कुठून आलात, कुठे चाललात’ एवढे विचारले की पुरते. मिनार असता तर म्हणाला असता की ट्रक जातील, पण शिव कॉलनीहून बाजारात निघालेली दुचाकी जागची हलणार नाही. ती गर्दी वेगळी मोजायला हवी आणि तिथे साधे सूत्र लंगडे पडते, कारण दुचाकीला तिकीट नसते. २०११च्या जनगणनेचा बी-२८ हा तक्ता थोडी मदत करतो: शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांना कामावर किती लांब आणि कशाने जाता, हे त्यात नोंदले आहे. शाळेची आणि बाजाराची फेरी मात्र त्यातही नाही. तेवढ्यासाठी घरोघरी जावे लागेल.

गावोगावच्या ये-जाचे तसे नाही. एसटी कंडक्टरच्या तिकीट-मशीनमध्ये चढण्याचा आणि उतरण्याचा थांबा रोज नोंदला जातो. अमळनेर, पारोळा, एरंडोल, साक्री, शिरपूर: देझारला बेल्जियममध्ये जे मिळाले तेच हे, फक्त गाडी लाल. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर लोहमार्ग धुळ्यावरून जायचा आहे. त्याच्या मधल्या स्टेशनांवर किती उतारू मिळतील याचा पहिला अंदाज या नोंदींतून काढता येईल. दुसरा अंदाज, रूळ आल्यावर धुळे स्वतः किती वाढेल याचा, वेगळा मांडावा लागेल, आणि त्यासाठी जळगावचा १८६०नंतरचा इतिहास शेजारीच पडलेला आहे.