धरमतरच्या बोटीपासून ‘नीट’पर्यंत



या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ जण असतील. म्हणून मी थोडा इतिहास लिहायचे ठरवले. पेण-रोह्याच्या मुलाने किंवा मुलीने ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हटले, तर तिला कोणत्या दारातून आत जावे लागे आणि ते दार किती वेळा बदलले, एवढाच या लेखाचा विषय आहे. आपल्या प्रत्येक तुकडीत असे म्हणणारी चार-दोन मुले असायचीच. कोण गेले आणि कोण राहिले, याचा हिशेब आपण शाळेच्या गुणपत्रिकांवरून मांडतो. दाराचा इतिहास पाहिला की तो हिशेब तितकासा बरोबर वाटत नाही.

मेडिकलच्या प्रवेशाचा सर्वांत प्रसिद्ध मराठी अर्ज आपल्या जिल्ह्याला अगदीच परका नाही. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, पण पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळरावांची बदली अलिबागला झाली, तेव्हा त्यांचा अभ्यास तिथेही चालू होता. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली तयारी कदाचित कमी पडेल हे मोकळेपणाने मान्य केले आणि डॉक्टर कशासाठी व्हायचे आहे ते सांगितले. कॉलेजने त्यांना घेतले. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, गेल्या. तो अर्ज वाचणारे एक माणूस होते आणि अर्जातले ‘कशासाठी’ त्या माणसापर्यंत पोहोचले, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. पुढच्या सगळ्या दारांवर ते दिसणार नाही.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. त्यानंतर नॅशनल मेडिकल कॉलेज, म्हणजे आजचे नायर, १९२१ साली असहकाराच्या चळवळीत निघाले, आणि १९२६ च्या सुमारास परळला केईएम आणि जी. एस. मेडिकल सुरू झाले. म्हणजे कुलाबा जिल्ह्याच्या मुलाला डॉक्टरकीचे शिक्षण खाडीपलीकडे होते. पेणकर धरमतरहून बोटीने मुंबई गाठत. रोहेकरांना आधी धक्क्यापर्यंतचीच वाट मोठी होती. खरी अडचण मात्र बोटीच्या भाड्याची नव्हती. मॅट्रिकनंतर दोन वर्षे कॉलेजात काढून इंटर सायन्स व्हायचे, आणि त्या गुणांवर मेडिकलचा प्रवेश. म्हणजे मुंबईत किंवा पुण्यात जेवण-राहण्याची सोय आधी हवी. गिरगाव-दादरला काका, आत्या किंवा मामा असेल त्याच घरात डॉक्टर होण्याची भाषा निघे. त्या काळच्या पाटीवर एम.बी.बी.एस.पेक्षा एल.सी.पी.एस. ही अक्षरे अधिक दिसत, ती याच शिडीची खालची, पण कामाची पायरी होती.

आपल्या भागातली हुशार मुले मग कुठे जात? रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख हे त्याचे ठळक उदाहरण. १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञाने घेतली, त्यांत वनस्पतिशास्त्रही होते. आपल्या भाषेत सांगायचे तर माणूस चक्क ‘बी ग्रुप’चा! पण १९१८ च्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. हुशारी कोणत्या रस्त्याला लागते, हे समोर कोणता रस्ता दिसतो यावर पुष्कळ अवलंबून असते.

स्वातंत्र्यानंतर कॉलेजे वाढली. पुण्याची जुनी बी. जे. शाळा १९४६ साली कॉलेज झाली होती. नंतर औरंगाबाद, मिरज, सोलापूर, सायन अशी नावे आली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला आणि १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली. प्रवास सोपा झाला. १९७५ मध्ये जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन १०+२+३ ची रचना आली आणि दार बारावीला येऊन थांबले. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी या तीन विषयांची बेरीज, तिचे टक्के, आणि त्यावरची यादी. आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले दार हेच.

या दाराची एक गोष्ट चांगली होती. परीक्षा आणि पुस्तक एकच होते. बोर्डाचे पुस्तक पाठ असेल, जर्नल पूर्ण असेल, प्रॅक्टिकलला बेडूक नीट उघडता आला, तर वेगळा क्लास नसला तरी चाले. वाईट गोष्ट अशी की एका गुणात शेकडो मुले असत, आणि दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्याला अकरावीत एकदम इंग्रजी समोर येई. अकरावीचे वर्ष त्या इंग्रजीशी झगडण्यातच जाई. पण अकरावीचे गुण कुठे धरत नसत, म्हणून ते वर्ष सावरून घ्यायला मिळे. रुईया-रुपारेलला गेलेल्या आपल्या मित्रांना हे सांगायला नको.

याच काळात पैशाचे दार उघडले. १९८३ नंतर राज्यात खासगी मेडिकल कॉलेजे निघू लागली. लोणी आणि कराडची १९८४ ची. डोनेशन हा शब्द घराघरांत आला. १९८७ साली राज्याने कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा केला आणि १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानंतर ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ हे शब्द आले. १९८९ मध्ये कामोठ्याला एमजीएम निघाले. रायगड जिल्ह्याच्या हद्दीतले ते मेडिकल कॉलेज होते, पण खासगी.

एक वेगळे दारही होते आणि त्याची आठवण पेणकरांनी ठेवायला हवी. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. तिची प्रवेश परीक्षा स्वतंत्र होती आणि त्यात गांधीविचारांवर वेगळी प्रश्नपत्रिका असे. तिथून थोड्या अंतरावर पवनारला विनोबांचा आश्रम, आणि विनोबा जन्मले आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात. ‘डॉक्टर कशासाठी व्हायचे?’ हा प्रश्न दारातच विचारणारे ते बहुधा राज्यातले एकमेव कॉलेज.

१९९९ मध्ये सीईटी आली. आता बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते उरले आणि यादी पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेवर लागू लागली. अभ्यासक्रम बारावीचाच होता, तरी वेगाचा सराव हवा झाला, आणि सराव करून घेणारे क्लास मुंबई-पुण्यात होते. मग ‘नीट’. पहिली ५ मे २०१३ ला झाली, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ मध्ये ती परत आली आणि २०१७ पासून राज्याच्या यादीसाठी तीच एक उरली. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकल्यास एक गुण वजा. निम्मे गुण जीवशास्त्राचे. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, हे चांगलेच. पण आता अकरावीचाही अभ्यासक्रम परीक्षेला आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला सावरायला जे एक वर्ष मिळे, ते ‘नीट’ने काढून घेतले. माझ्या मते पेण-रोह्याच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच आहे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

२०२१ मध्ये अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. १०० जागा. पेणहून तीसेक किलोमीटर. धरमतरच्या बोटीपासून पाहिले तर केवढी मजल! पण त्यातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय यादीतून भरतात आणि बाकीच्या राज्याच्या यादीतून. जिल्ह्याच्या मुलांसाठी राखीव जागा नाही. विभागवार ७०:३० चे सूत्रही २०२० साली रद्द झाले. तमिळनाडूने त्याच वर्षी सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा ठेवल्या. आपल्याकडे तसे काही नाही. कॉलेज दारात आले, पण दार सगळ्यांसाठी एकाच उंचीवर बसवलेले आहे.

याने काय बिघडते, असे कोणी विचारील. डॉ. हिंमतराव बावसकर जालना जिल्ह्यातले, नागपूरला शिकले, आणि १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. कोकणात विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, दगावत. त्यांनी रुग्णांशेजारी बसून ते पाहिले, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरून आलेला एक डॉक्टर इथे टिकून राहिला, तर एवढे होते. मग वाड्या-वस्त्यांची भाषा जाणणारी आपली मुले डॉक्टर होऊन इथे परतली, तर किती होईल?

सरकारी दाराची उंची आपण बदलू शकत नाही. पण अर्जाचे निम्मे काम अभ्यासाचे नसून माहितीचे असते, आणि तिथे आपल्याला करण्यासारखे आहे. वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता यांपैकी एक कागद वेळेत नसला तर मिळवलेले गुण वाया जातात. कातकरी-ठाकूर वाड्यांवरच्या मुलांना तर वैधतेसाठी पिढ्यांचे पुरावे शोधावे लागतात आणि त्यात महिने जातात. आपल्या वेळी ट्रू कॉपीवर सही घ्यायला कोणाकडे जायचे, हेसुद्धा कोणी तरी सांगावे लागे. आता फॉर्म मोबाईलवर भरतात, पण पसंतीक्रमात कोणते कॉलेज आधी लिहायचे, एमबीबीएस नाही तर बीएएमएस, फिजिओ की नर्सिंग, हे सांगणारे माणूस अजूनही लागतेच.

म्हणून या मेळाव्यासमोर माझी एक साधी सूचना आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, फार्मासिस्ट आहेत, तहसील कचेरीत काम केलेले आहेत, क्लास घेणारे आहेत. दरवर्षी दिवाळीनंतरचा एक रविवार आपण शाळेच्या वर्गात बसावे. नववी-दहावीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना बोलवावे. कागदपत्रांची यादी फळ्यावर लिहावी, अकरावीच्या पहिल्या दिवसापासून काय करायचे ते सांगावे, आणि ज्यांना इंग्रजी पुस्तकाची भीती वाटते त्यांच्यासाठी मे महिन्यात महिनाभर शिकवणी ठेवावी. पहिला रविवार कोणता, हे मेळाव्याच्या दिवशी जेवणाआधी ठरवून टाकू.