मुक्ती मिशन, केडगाव
पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी उभारलेली ख्रिस्ती सेवासंस्था. अहिल्यानगरजवळचे (पूर्वीच्या अहमदनगरजवळचे) केडगाव वेगळे. हे पुणे–दौंड लोहमार्गावरचे, नारायण महाराजांच्या बेटामुळेही लोकांना ठाऊक असलेले.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. त्या स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला. रानडे, भांडारकर हे समाजसुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदनाला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. तिथे विहिरी खणायच्या, फळबाग लावायची, एवढाच मूळ बेत.

तो बेत दुष्काळाने बदलला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात अन्नान्न दशा झाली. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, सरकारी निर्बंध कडक. एवढ्या जणींना शहरात ठेवणे अशक्य होते. मग केडगावच्या शेतातच तंबू आणि छपरे उभी राहिली. १८९८ मध्ये ‘मुक्ती सदन’ आकाराला आले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर इथल्या रहिवाशांची संख्या १,५०० च्या वर गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’, वृद्ध व अपंगांसाठी ‘प्रीती सदन’ निघाले. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी अंगावर घेतले. १९०५ मध्ये इथे झालेल्या धार्मिक जागृतीची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आढळते.

मात्र मुक्तीची खरी ओळख कामातून होते. शेती, गुरे, विणकाम, शिवण, तेलघाणा हे सगळे बायकाच चालवत. छापखानाही त्यांचाच. दुष्काळात हाडांचा सापळा होऊन आलेल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या, आणि नुसते मराठी नव्हे, तर हिब्रू आणि ग्रीकसुद्धा. कारण रमाबाईंनी उतारवयाकडे झुकताना त्या दोन भाषा शिकून मूळ संहितेवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले होते. आधीच्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही, हे त्यांनी रोज पाहिले होते. ज्यांना पुराणिकांच्या घरातले संस्कृत तोंडपाठ होते, त्यांनीच ते बाजूला ठेवून बोलीजवळची भाषा निवडली, हा निर्णय मोलाचा आहे.

संस्थेची धुरा जिच्यावर यायची ती मनोरमा १९२१ मध्ये वारली. दुःख गिळून रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचेही निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. निराधार स्त्रिया व मुलांना आसरा देण्याचे संस्थेचे काम केडगावात आजही चालू आहे. ते बायबल चर्चबाहेर फारसे वाचले गेलेले नाही. मराठी गद्याच्या अभ्यासकांनी ते वाचायला हवे.