हयगय कीं लबाडी?

सुरेंद्रनाथ बानर्जी यांच्या बडतर्फीचें प्रकरण वाचकांनीं लक्षपूर्वक पाहावें, असें आम्हांस वाटतें. १८७१ सालीं ते सिल्हेट येथें असिस्टंट मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले. चोरीच्या एका खटल्यांतील आरोपी फरारी नसतां त्याचें नांव फरारींच्या यादींत गेलें आणि त्या हुकुमावर सुरेंद्रनाथांची सही निघाली. कारकुनानें पुढें ठेवलेल्या ढिगांतील कागदांवर आपण न वाचतां सह्या केल्या, असें त्यांचें म्हणणें होतें. चौकशीनें मात्र ती लबाडी ठरविली आणि १८७४ सालीं त्यांस बडतर्फ करण्यांत आलें. विलायतेस जाऊन मागितलेली दादही लागली नाहीं.

हयगय झाली, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जी चूक कानउघाडणीनें सुधारली असती, तिच्यासाठीं सबंध नोकरी हिरावून घेणें यास न्याय कसें म्हणावें? आपण हिंदी म्हणूनच हें भोगलें, अशी सुरेंद्रनाथांची खात्री होती.

पुढें ते आमच्याच अध्यापनाच्या पेशांत आले व १८९५ सालीं पुण्याच्या राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. परंतु बडतर्फ झालेल्या प्रत्येकास अध्यक्षाची खुर्ची लाभत नाहीं. नालायकीचा शिक्का मात्र जन्मभर सोबत राहतो.