नव्वद नंबर ते निळं तेल

पिकअप रॅम्पवर चढलेली आहे. खालून मेकॅनिकचा आवाज येतो, "दादा, ट्रान्सफरला नव्वद नंबरच टाकायचं ना?"

फोर बाय फोर गाडी बाळगणाऱ्यानं या प्रश्नाला घाईत 'हो' म्हणू नये. नव्वद नंबर हे एका घराण्याचं तेल आहे. आज ट्रान्सफर केसची चार घराणी नांदतात, आणि आपल्या गाडीखालची पेटी त्यांतल्या कोणाची, हे तिच्या बाहेरच्या रूपावरून पटकन कळत नाही. त्यासाठी कुळकथाच उलगडावी लागते.

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीला लागलेली पेटी. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटून देणं हे तिचं काम. चारही चाकं ओढणारी मोटार हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी 1903 सालीच बनवली होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनविल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एफडब्ल्यूडी कंपनीचे असे ट्रक पहिल्या महायुद्धात युरोपच्या चिखलात राबले. पण ही पेटी जगभर पोचली ती 1941 नंतर, विलीस जीपबरोबर. जीपमध्ये स्पायसर कंपनीची मॉडेल 18 नावाची पेटी होती. लो रेंजचा दांडा ओढला की चाकांचा वेग जवळजवळ निम्मा व्हायचा आणि जोर तितकाच वाढायचा. युद्ध संपल्यावर 1946 साली डॉजनं पॉवर वॅगन बाजारात आणली आणि फोर बाय फोर पिकअप लष्कराच्या छावणीतून शेतकऱ्याच्या दारात आली.

या जुन्या पेटीत दातेरी गिअरांशिवाय फारसं काही नव्हतं. दोन दात एकमेकांवर दाबले जातात तेव्हा मधली तेलाची साय फाटता कामा नये, म्हणून तेल दाट हवं. पंपाची गरज नव्हती. खालचा गिअर तेलात बुडायचा आणि तेच तेल वर उडवायचा. हे नव्वद नंबरचं घराणं.

स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं मुंबईत माझगावला विलीस जीप जोडायला घेतली. पुढे जंगल खात्यापासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे जीप पोचली आणि तिच्याबरोबर नव्वद नंबरही मेकॅनिकच्या जिभेवर बसला. या आकड्यानं एक गैरसमजही रुजवला. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आणि इंजिन ऑइलची वेगळी. नव्वद नंबरचं गिअर ऑइल साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. म्हणून नुसत्या आकड्यांची तुलना करून तेल निवडणं फसवं.

दुसरं घराणं साखळीचं. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी 1895 साली उलट्या दातांची साखळी काढली. ती आवाज फार कमी करायची, म्हणून तिला 'सायलेंट चेन' म्हणू लागले. तिचाच मोठा, ताकदवान अवतार 1966 च्या ओल्ड्समोबिल टोरोनॅडो मोटारीत बसला. एवढ्या मोठ्या इंजिनाचा भार साखळी पेलू शकते हे दिसल्यावर ट्रान्सफर केसमध्ये साखळी घालणं दूर नव्हतं.

1973 च्या सुमारास अमेरिकन पिकअपमध्ये न्यू प्रोसेस गिअर या एकाच कंपनीच्या दोन पेट्या येत होत्या. 205 नंबरची गिअरवाली, तिला गिअर ऑइल. 203 नंबरची साखळीवाली, तिला 10 डब्ल्यू 30 इंजिन ऑइल. दोन्ही बिडाच्या, दोन्ही जड, आणि आपल्या विषयाचं सार या जोडीत आहे. कारखाना एक, काम एक, तरी तेल वेगळं. साखळीला शेकडो बारीक पट्ट्या आणि सांधे असतात. तेल प्रत्येक सांध्यात शिरलं पाहिजे. दाट तेल, विशेषतः गारठ्यात, तिथवर पोचायला वेळ लावतं, आणि तेवढ्या वेळात साखळी कोरडी घासते.

तिसरं घराणं लाल तेलाचं. त्याचा उगम ट्रान्सफर केसमध्ये झालेलाच नाही. 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. त्याच्या तेलासाठी जनरल मोटर्सनं 1949 साली 'टाइप ए' हे मानक ठरवलं आणि 1967 साली 'डेक्सरॉन' हे नाव आणलं. ऑटोमॅटिकच्या आतल्या क्लचप्लेट अलगद धराव्यात, झटका देऊ नये, यासाठी तेलात एक खास पदार्थ मिसळत. तो होता स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या तेलापासून केलेला. ते तेल खरं तर द्रवरूप मेणच. उष्णता सोसून धातूवर निसरडा थर धरून ठेवण्यात त्याला तोड नव्हती. समुद्रातल्या एवढ्या मोठ्या जिवाला मारून आपले गिअर मऊ पडत होते, हे वाचताना आजही मनाला लागतं. 1970 साली अमेरिकेनं हा देवमासा धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातला आणि तेलाचा हा झरा आटला. रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावे लागले. ॲरिझोनाच्या वाळवंटात उगवणाऱ्या जोजोबाच्या बियांचं द्रवमेण रचनेत देवमाशाच्या तेलाच्या फार जवळ निघालं आणि त्या झुडपाला एकाएकी भाव आला.

त्याच दशकात पेट्रोल महागलं. जड बिडाच्या पेट्या परवडेनात. 1980 च्या सुमारास 208 नंबरची ॲल्युमिनियमची, साखळीची, हलकी पेटी आली आणि तिच्यात हे पातळ लाल तेल पडलं. आत छोटा पंप असतो. तो पातळ तेल सहज ओढतो आणि वरच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. अशा पेटीत नव्वद नंबर घातलं तर थंडीतल्या सकाळी त्या पंपाचा जीव पुरत नाही.

चौथं घराणं क्लचचं, आणि सगळ्यांत नाजूक तेच. 1973 च्या मॉडेलांत जीपनं क्वाड्राट्रॅक ही पेटी आणली. ती चारही चाकं कायम ओढायची आणि आतला शंकूच्या आकाराचा क्लच घसरणाऱ्या चाकाला आवरायचा. तिला स्वतःचं खास तेल लागे. दुसरं कुठलं घातलं की वळणावर क्लच अडखळत धरायचा आणि पेटी कण्हायची. 1990 च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या गाड्यांत संगणकाच्या हुकमानं क्लच दाबणारी पेटी आली. तिचं 'ऑटोट्रॅक टू' हे तेल निळं आहे. इथं दाटपणाइतकाच महत्त्वाचा ठरतो तो तेलाचा घर्षणगुण. क्लचनं किती धरावं आणि किती सोडावं, याचा हिशेब त्या तेलावर बांधलेला असतो. लाल तेल दाटपणाला जवळचं असलं, तरी हा हिशेब चुकवतं.

ही कथा आता आपल्या अंगणातही आली आहे. पुण्याची दिवगी टॉर्कट्रान्सफर सिस्टिम्स ही कंपनी भोसरी, शिवरे आणि कर्नाटकातल्या सिरसीच्या कारखान्यांतून काम करते आणि भारतीय गाड्यांसाठी ट्रान्सफर केस बनवते. म्हणजे मराठी मेकॅनिकच्या हाताखाली आता जीपची पेटीही येते आणि साखळीची, क्लचचीही. जुनी सवय सगळ्यांना एकच तेल पाजते, धोका तिथंच आहे.

म्हणून खालून प्रश्न आला की आधी गाडीचं मॅन्युअल उघडावं. ते नसेल तर पेटीवरचं बिल्ला-लेबल पुसून नंबर वाचावा. बाहेर पडलेल्या तेलाच्या रंगावर भिस्त ठेवू नये. आधीच्या मालकानंही चूक केलेली असू शकते. नंतर वरचा भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहावं. तो सुटला तरच खालचा उघडावा. नाहीतर तेल रिकामं होतं आणि भरायला वाट उरत नाही. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर तो बोटांवर पुसून बघावा. राखाडी मऊ लेप लागला तर ती नेहमीची झीज. टोचणारा कण लागला तर आत दात किंवा बेअरिंग तुटतंय.

मग योग्य तेल भरत राहावं. ते वरच्या भोकाच्या काठाशी येतं, एक बारीक धार बाहेर ओघळते आणि थेंबांवर येते. तिथं बोल्ट लावायचा. "दादा, झालं," असा आवाज खालून येतो, आणि या वेळी आपल्यालाही ठाऊक असतं की आत कोणाचं घराणं आहे आणि त्याला काय पचतं.