मासे, भाजी आणि मधले कामकरी

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची नवी टाकी आणावी, स्वच्छ पाणी भरावे, मासे सोडावेत. चार-आठ दिवस ते मजेत असतात आणि मग एकेक करून मरू लागतात. हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. पाणी तर नितळ दिसते! मग दोष कधी खाद्याला जातो, कधी खोड्या करणाऱ्या मुलांना. खरे कारण समजून घ्यायचे, तर आपल्याला १८७७ सालच्या फ्रान्समध्ये जावे लागेल.

सांडपाणी मातीतून झिरपले की त्यातल्या अमोनियाचे नायट्रेट होते, हे तेव्हा माहीत होते. ही निव्वळ रासायनिक क्रिया असावी, असा समज होता. श्लोसिंग आणि म्युंत्स या दोघा शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडले. ते इतके सावकाश की खाली उतरायला त्याला ८ दिवस लागत. पहिले २० दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागले आणि शेवटी अमोनिया पार नाहीसा झाला. क्रिया केवळ रासायनिक असती, तर ती पहिल्या दिवसापासूनच व्हायला नको का? पुढे त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद! क्लोरोफॉर्म काढून थोडे मातीचे पाणी घातले, तशी क्रिया पुन्हा सुरू झाली. ज्याला गुंगी येते ते जिवंत असणार, हे उघड होते.

हे जीव हाती मात्र येईनात. इंग्लंडमध्ये वॉरिंग्टन यांनी हे काम दोन टप्प्यांत होते असे दाखवले: आधी अमोनियाचे नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट. पण जिवाणू वेगळे करणे त्यांना जमले नाही. ते १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये विनोग्राडस्की यांना साधले. जिलेटिनसारखे सेंद्रिय अन्न या जिवाणूंना मानवतच नव्हते. अमोनियापासून ऊर्जा आणि कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन, एवढ्यावर ते जगत होते.

आता आपल्या टाकीकडे परत येऊ. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. तो थोडासा साठला तरी माशांना घातक ठरतो. नव्या, धुतलेल्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात, आणि ते वाढतातही फार हळू. श्लोसिंग आणि म्युंत्स यांच्या नळीने २० दिवस घेतले. आपण मात्र पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडून मोकळे होतो!

जिवाणूंनी तयार केलेले नायट्रेट टाकीत साठत जाते. वनस्पतींचे तर ते आवडते खत. मग हेच पाणी भाजीला देऊन परत टाकीत आणले तर? या पद्धतीला आज अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. मासे आणि पीक एकत्र घेण्याची कल्पना जुनीच आहे. चीनमधल्या झेजियांग प्रांतात, छिंगत्येन भागातले शेतकरी शेकडो वर्षे भातखाचरात मासे पाळत आले आहेत. त्यांना नायट्रेट हा शब्द माहीत असण्याची गरज नव्हती. खाचरातली माती ते काम करीतच होती. माती काढून टाकल्यावर मात्र ती काय करत होती, हे नीट समजून घ्यावे लागले.

अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटने मासे आणि भाजी यांची सांगड घालून पाहिली. १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनात मॅकमर्ट्री यांनी टिलापियाच्या, म्हणजे आपल्याकडच्या चिलापीच्या टाकीतले पाणी वाळूच्या वाफ्यांना देऊन टोमॅटो व काकड्या घेतल्या. वाळूतून गाळलेले पाणी पुन्हा माशांकडे जाई. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर रॅकोसी यांनी तरंगत्या तराफ्यांवर लेट्यूस वाढवले आणि हिशेब मांडला: तराफ्याच्या दर चौरस मीटरमागे माशांना रोज ६० ते १०० ग्रॅम खाद्य द्यावे, म्हणजे रोपांना पुरेसे पोषण मिळते.

या हिशेबात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भाजीचे खत आले ते माशांच्या खाद्यातून, म्हणजे बाहेरूनच. येथे काहीही फुकट मिळत नाही. पाण्याची मोठी बचत होते. पण पंपाला वीज लागते, आणि ती गेली तर प्राणवायूअभावी मासे दगावतात. शिवाय अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते, म्हणून रॅकोसींना पाण्यात चुना व पोटॅश घालावे लागे, आणि रोपांसाठी लोहही. श्लोसिंग यांच्या नळीत वाळूबरोबर चुनखडी होती, तिचा उपयोग आता लक्षात येईल.

दोन टप्पे, दोन जिवाणू, असे आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे जिवाणू सापडले. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांना ते मिळाले कुठे? मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या गाळणीत! सव्वाशे वर्षांचा धडा माशांच्या टाकीने दुरुस्त केला.

तेव्हा पुढच्या वेळी टाकी मांडताना जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर खडी न धुता नव्या टाकीत घालावी. सुरुवातीला एक-दोनच मासे सोडावेत, खाद्य बेताने द्यावे, आणि अमोनिया व नायट्रेट तपासून मुलांना रोजची नोंद ठेवायला सांगावी. अमोनिया कितव्या दिवशी उतरू लागला, ते मुलांनाच शोधू द्या. १८७७ चा प्रयोग त्यांच्या वहीत पुन्हा घडेल, आणि मासेही जगतील.