दोन जिवांची बाई आणि अर्धी गोधडी

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्याकडे चालून आला. मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर एक तरुण मुलगी भेटायला थांबली होती. सातवा महिना, सातपूरला नोकरी, आणि घरी तीन गोधड्या अर्धवट पडलेल्या. एक येणाऱ्या बाळाची, एक नणंदेला कबूल केलेली, एक आईच्या जुन्या साड्यांची. ती म्हणाली, "शेत, गुरं, पाणी, चूल सगळं सांभाळून आपल्या आज्या-पणज्या बाळ यायच्या आत हे कसं उरकायच्या? मला तर रोज दहा टाके घालणंही होत नाही."

आम्ही तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. घरी गेल्यावर लक्षात आलं, की प्रश्नच जरा तपासून घ्यायला हवा. कारण त्या उरकत नव्हत्या. बाळाची गोधडी बाळाच्या आधी पूर्ण झालीच पाहिजे, ही घाईच मुळात नवी आहे. ती कुठून आली, ते आज पाहू.

आधी गोधडी शिवतात कशी, ते पाहू. इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी ती अंगावर घेतली असेल, शिवताना पाहिली असेलच असं नाही. सारवलेल्या जमिनीवर जुनं लुगडं अंथरायचं. त्यावर धोतरं, सदरे, फाटक्या चादरी, जे असेल ते पसरायचं, खड्डा पडेल तिथे तुकडा ठेवायचा, वरून पुन्हा एक लुगडं. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे. आणि मग खरं काम, म्हणजे धावदोरा. कडेने सुरुवात, बोटभर अंतर, पुन्हा कडेला समांतर ओळ, असं फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. शिवणारी बाई गोधडीवरच बसते. चौकट लागत नाही, टेबल लागत नाही. गुंडाळली की कोपऱ्यात उभी राहते, आणि पंधरा दिवसांनी उलगडली तरी काही बिघडलेलं नसतं.

हे फार महत्त्वाचं आहे. स्वयंपाक अर्धा सोडता येत नाही, दळण अर्धं सोडता येत नाही, कांद्याची लागण तर मुळीच नाही. गोधडी सोडता येते. शिवाय तिला चार कडा असतात, म्हणजे चार जणी एकाच वेळी बसू शकतात. एकीचं पोर रडलं, ती उठली, दुसरी सुई उचलते. आम्ही जुन्या गोधड्या हातात घेतल्या की पहिल्यांदा उलटी बाजू बघतो. एका गोधडीत तीन-तीन हात दिसतात. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा गव्हाएवढा, आणि तिसरी बहुधा नुकती शिकत असलेली मुलगी, कारण ओळ वाकडी गेलेली असते.

हे काम चालायचं कधी? आपल्याकडे निफाड, दिंडोरी, सिन्नर भागात मुख्यतः उन्हाळ्यात. रब्बीचं पीक घरात आलेलं, पेरणीला अवकाश, दुपारी बाहेर पडवत नाही. बाळंतपण मात्र वैशाख बघून येत नाही. ज्येष्ठात पोट सहा महिन्यांचं असेल तर गोधडी जिथे असेल तिथे थांबायची, कारण पेरणी थांबत नसे. आणि नवरात्राआधी घर काढताना साऱ्या गोधड्या नदीवर जायच्या. भिजलेली गोधडी उचलणं काय असतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. गोदावरीच्या घाटावर दोघी दोन टोकं धरून ती पिळायच्या. दोन जिवांच्या बाईला त्या कामातून सूट मिळायची. प्रत्येक घरात मिळायचीच, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. गरिबाघरची सून आठव्या महिन्यातही ओझी उचलत होती. आजी म्हणजे सुख, असा जो सूर अलीकडे ऐकू येतो तो आम्हाला पटत नाही.

आता मुख्य मुद्दा. बाळाचं दुपटं आधी का शिवून ठेवत नसत? आजही कितीतरी घरांत म्हणतात, "आधी काही आणू नका, शिवू नका." आपण हसतो. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे दोनशे पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. पाचांतलं एक. असं असताना घडी करून ठेवलेलं रिकामं दुपटं घरात असणं म्हणजे काय, याची कल्पना करा. ती अंधश्रद्धा होती, हे खरंच. पण ती दुःख टाळण्याची रीतही होती.

आनंदीबाई जोशी आपल्याला पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून माहीत आहेत. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. विषय काही असाच सुचत नाही. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आली. त्यात बाळंतपणं आहेत, अपत्य गमावल्याचं दुःख आहे, आणि ते सगळं रोजच्या घरकामाच्या मध्येच आहे, त्याला वेगळी खोली नाही. दगडू, धोंडू, भिकू ही नावं आठवा. हे पोर आमचं नाही, मागून आणलंय, दगड आहे, याच्याकडे कुणी बघू नका, असं सांगणारी नावं. जुन्या कापडाचं दुपटं याच घराण्यातलं. नवं कापड म्हणजे मिरवणं. जुनं, शंभरदा धुतलेलं, आजीच्या अंगावर जगलेलं कापड म्हणजे लपवणं, आणि शिवाय ते मऊ. नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला टोचते, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

ग्रहणाचंही सांगून टाकू, नाहीतर प्रश्नोत्तरांत येईलच. ग्रहणात गरोदर बाईने सुई-कात्री धरली तर बाळाचा ओठ फाटतो, या समजुतीला काहीही आधार नाही. पुढे जाऊ.

आता कापडाकडे. हातमागाच्या काळात लुगडं ही मोठी वस्तू होती, ते फाटेपर्यंत आणि फाटल्यावरही वापरलं जायचं. मुंबईच्या पहिल्या गिरणीने १८५६ मध्ये उत्पादन सुरू केलं, पुढे रेल्वे नाशिकवरून गेली, मालेगावात माग वाढले, आणि सुती कापड सामान्य घरात थोडं जास्त येऊ लागलं. गोधडीचे थर त्याने वाढले. महायुद्धात १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आलं, तेव्हा पुन्हा चिंधी चिंधी मोलाची झाली. नंतरच्या काळात दोन गोष्टी घडल्या आणि गोधडीचा पायाच हलला. एक, टेरिलीन-नायलॉनच्या साड्या. टिकतात फार, पण घाम शोषत नाहीत, थर एकमेकांवरून सरकतात, आणि जुन्या झाल्या तरी मऊ होत नाहीत. दुसरी गोष्ट बोहारीण. हसू नका, अर्थशास्त्र आहे हे. स्टीलची भांडी घरोघर आली तशी जुन्या साडीला बाजारभाव मिळाला. तीन साड्या आणि जरीचा काठ दिला की डबा. म्हणजे आईची साडी आता दुपटं व्हायची की डबा, हे दारात उभं राहून ठरू लागलं. बरेचदा डबा जिंकला. आम्हाला त्या बायकांना दोष द्यावासा वाटत नाही. डबा त्यांच्या नावाचा होता, त्यावर नाव कोरलेलं होतं. गोधडीवर कुणाचं नाव असतं?

आणि आता वेळेचा हिशोब. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळेजेवण झालं, की मुलगी माहेरी. तिथे तिला बसून करायचं काम म्हणून सुई मिळायची. पण बाळाचं दुपटं तिची आई, मावशी, शेजारीण शिवायची, तेही बरेचदा बाळ झाल्यावर, बारशाच्या आत. बाळ-बाळंतिणीच्या खोलीबाहेर दोन-तीन दुपारी पुरत. लहान वस्तू, चार हात. म्हणजे वेळ एकटीचा नव्हता.

कामावर जाणाऱ्या बाईचा वेळ कुणाचा, हा प्रश्न कायद्यात आला तो १९२८ मध्ये. मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. १९२९ ला कायदा झाला, पण तो कारखान्यातल्या बायकांपुरता. शेतावरची, घरी बसून विड्या वळणारी त्यात नव्हती. १९६१ चा केंद्राचा कायदा आला, आणि २०१७ मध्ये रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी घेता येतात. द्राक्षाच्या पॅकिंगला रोजाने जाणाऱ्या बाईला विचारा, तिच्यापर्यंत यातलं किती पोचलंय.

तर त्या मुलीचं काय? तिची घाई आम्हाला आता वेगळी दिसते. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा बालमृत्युदर हजारी १६ होता. दोनशेवरून सोळा. बाळ येणार आणि राहणार, हे धरून चालता येतं, म्हणून ती आधीपासून शिवायला बसते. तिच्या पणजीला ते धाडस नव्हतं. पण पणजीभोवती जे हात होते ते हिच्याभोवती नाहीत. आई मालेगावला, सासू स्वतः नोकरीला, शेजारच्या फ्लॅटला कुलूप.

ती पुन्हा भेटली तेव्हा आम्ही तिला एवढंच सांगितलं, की नणंदेची गोधडी नणंदेकडेच पाठव, सुईसकट. आईच्या साड्यांची गुंडाळून ठेव, ती थांबेल. राहिलं बाळाचं दुपटं. त्याच्या दोन कडा तिने शिवल्या आहेत. उरलेल्या दोनांसाठी तिने नवऱ्याला धावदोरा शिकवायला घेतलाय. टाके गव्हाएवढे येतायत म्हणे.