परत न आलेल्याचे नाव

भागवताच्या दशमस्कंधात मुचुकुंद राजाची कथा आली आहे. इक्ष्वाकु कुळातील हा राजा देवांच्या साहाय्यास गेला, दीर्घकाळ असुरांशी लढला आणि कार्तिकेयासारखा सेनापती देवांना लाभल्यावर मोकळा झाला. देवांनी वर माग म्हटले तेव्हा या थकलेल्या पुरुषाने राज्य मागितले नाही, वैभव मागितले नाही. त्याने झोप मागितली. एका गुहेत तो निजला. पुढे श्रीकृष्णाचा पाठलाग करीत आलेल्या कालयवनाने त्याला लाथ मारून जागे केले, आणि मुचुकुंदाची दृष्टी पडताच तो कालयवन जागच्या जागी भस्म झाला. राजा गुहेबाहेर आला तो माणसे, पशू, वृक्ष सारेच त्याला खुजे दिसू लागले. त्याचे जग केव्हाच सरले होते. तो लोकांत परतला नाही. उत्तरेकडे वळला आणि बदरिकाश्रमी तपास बसला.

ही कथा १९४९ साली एका अमेरिकन ग्रंथात अवतरली. जोसेफ कॅम्बेल हे पुराणकथांचे अभ्यासक. जगभरच्या वीरकथा पडताळून त्यांनी असे प्रतिपादन केले की, देश, भाषा आणि दैवते भिन्न असली तरी या कथांचा सांगाडा एकच आहे. वीर आपले घर सोडतो. अपरिचित प्रदेशात शिरून कठोर परीक्षांना सामोरा जातो. आणि तेथे मिळवलेले वरदान घेऊन स्वजनांत परत येतो. प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन असे हे तीन टप्पे होत. जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रसंगीच्या संस्कारविधींतही अशाच तीन अवस्था असतात, हे फ्रेंच संशोधक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले होते. कॅम्बेल यांनी तेच सूत्र कथेच्या विशाल क्षेत्रात नेले. पुनरागमन नाकारणाऱ्या वीराचे उदाहरण म्हणून त्यांनी मुचुकुंदाची निवड केली, हे भारतीय श्रोत्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या साच्याचे आकर्षण सहज समजण्यासारखे आहे. रामाचा वनवास, पांडवांचे अरण्यवास, ग्रीक महाकाव्यातील ओडिसियसची भटकंती ही सारी त्यात सुखाने बसतात. परंतु साचा जितका व्यापक, तितके त्याच्या भोकांतून निसटणारे द्रव्यही अधिक. ओडिसियस इथाकाला परतला खरा. पण ट्रॉयहून त्याच्याबरोबर निघालेल्या सोबत्यांपैकी एकही परतला नाही. त्यांतील एल्पेनॉर नावाचा एक सामान्य खलाशी छपरावरून पडून मेला. त्याचा आत्मा मृतलोकात ओडिसियसला भेटतो आणि एवढेच मागतो की, माझे दहन कर, थडगे रच आणि ज्या वल्ह्याने मी नाव वल्हवली ते त्यावर रोव. महाकवीने या खलाशाची आठवण ठेवली. वीराच्या यात्रेचा आराखडा काढणाऱ्या शास्त्रात मात्र त्याला जागा नाही. कारण तो आराखडा जो परतला त्याच्याच पावलांवरून काढलेला असतो.

ही उणीव जेथे सर्वांत तीव्रतेने जाणवते, तो वाङ्मयप्रकार म्हणजे संकटात तगून राहिलेल्या माणसाची कादंबरी. तिच्या आधुनिक परंपरेचा आरंभ डॅनियल डीफो यांच्या १७१९ सालच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’पासून धरण्याचा प्रघात आहे. अलेक्झांडर सेलकर्क हा स्कॉटिश खलाशी १७०४ पासून १७०९ पर्यंत, चार वर्षांहून अधिक काळ, पॅसिफिक महासागरातील हुआन फर्नांदेस द्वीपसमूहात एकटाच राहिला होता. त्याची हकीकत तेव्हा इंग्लंडमध्ये सर्वतोमुखी झाली होती. डीफोंचा क्रूसो अठ्ठावीस वर्षे बेटावर काढतो आणि घरी येतो तो ब्राझीलमधील मळ्याच्या उत्पन्नाचा धनी होऊन. वरदान येथे रोख रकमेच्या रूपाने मिळाले. त्याच्या बुडालेल्या सोबत्यांच्या मात्र काही टोप्या आणि दोन विजोड पादत्राणे तेवढी किनाऱ्याला लागतात. क्रूसो त्यांची नोंद करतो आणि आपल्या कामाला लागतो.

पुढे एकशे पासष्ट वर्षांनी इंग्लंडच्याच किनाऱ्यावर असा एक प्रसंग घडला की, परतलेल्या माणसाला नुसते शाबासकी देऊन घरात घेणे समाजाला अशक्य झाले. १९ मे १८८४ रोजी ‘मिन्योनेट’ नावाची एक लहान शिडाची नौका साउदॅम्प्टनहून ऑस्ट्रेलियातील सिडनीकडे निघाली. तिच्यावर चौघेच होते: कप्तान टॉम डडली, एडविन स्टीफन्स, एडमंड ब्रुक्स आणि रिचर्ड पार्कर नावाचा सतरा वर्षांचा पोरसवदा खलाशी. ५ जुलै रोजी, आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून सुमारे सोळाशे मैलांवर, एका प्रचंड लाटेने नौका फोडली. चौघे तेरा फुटी होडीत उतरले. बरोबर सलगमाचे दोन डबे. पिण्याचे पाणी मुळीच नाही. मध्यंतरी एक कासव हाती लागले, थोडे पावसाचे पाणी मिळाले, आणि मग तेही संपले. पार्कर समुद्राचे पाणी प्यायला आणि आजारी पडला. विसाव्या दिवशी डडलीने स्टीफन्सच्या संमतीने त्या मुलाला ठार केले. ब्रुक्सने संमती दिली नव्हती. परंतु जे अन्न झाले ते तिघांनीही खाल्ले. चौथ्या दिवशी ‘मोक्तेझुमा’ या जर्मन जहाजाने त्यांना उचलले.

सप्टेंबरमध्ये फालमथ बंदरात उतरताच या तिघांनी घडलेले सारे स्वतःहून सांगून टाकले. त्यात त्यांना लपवण्यासारखे काही वाटले नाही. अशा आपत्तीत चिठ्ठ्या टाकून एकाचा बळी द्यावा, हा समुद्राचा जुना रिवाज दर्यावर्दी लोक जाणून होते. येथे तर चिठ्ठ्याही टाकल्या गेल्या नव्हत्या. तरीही लोकमत आरोपींच्या बाजूचे होते. खुद्द पार्करच्या थोरल्या भावाने, जो स्वतः दर्यावर्दी होता, डडलीशी हस्तांदोलन केले. कायद्याने मात्र निराळा मार्ग धरला. डिसेंबर १८८४ मध्ये लॉर्ड कोलरिज यांच्या न्यायपीठाने निर्णय दिला की, स्वतःचा जीव वाचवण्याची निकड ही खुनाचे समर्थन होऊ शकत नाही. कोणाचा जीव अधिक मोलाचा हे ठरवण्याचा अधिकार बलवानाला कोणी दिला? फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि मग दया म्हणून ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली गेली. हा खटला आजही इंग्रजी कायद्याच्या परंपरेतील विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

वीराच्या यात्रेच्या दृष्टीने या खटल्याचा अर्थ मोठा आहे. कॅम्बेल यांच्या साच्यात वीर उंबरठा ओलांडून आत येतो तो अमृत घेऊन. डडलीजवळ उंबरठ्यावर देण्यासारखे एकच होते, ते म्हणजे आपली हकीकत. आणि ती हकीकत म्हणजेच कबुलीजबाब ठरला. पुनरागमनाचा सोहळा आरोपीच्या पिंजऱ्यात झाला.

योगायोगाची गोष्ट अशी की, एडगर ॲलन पो यांच्या १८३८ सालच्या एका समुद्रकथेत भुकेने व्याकूळ झालेले चार खलाशी चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याचा बळी जातो त्याचे नाव रिचर्ड पार्कर असते. ‘मिन्योनेट’ बुडण्याच्या शेहेचाळीस वर्षे आधी हे नाव कल्पनेत मेले होते. २००१ साली कॅनडाचे लेखक यान मार्टेल यांनी या योगायोगाची जाण ठेवून तेच नाव पुन्हा उचलले आणि एका वाघाला दिले. ती कादंबरी ‘लाइफ ऑफ पाय’. तिला २००२ चे बुकर पारितोषिक मिळाले.

तिचा नायक पिसीन मोलिटर पटेल, म्हणजेच पाय, हा पाँडिचेरीतील एका प्राणिसंग्रहालयाच्या मालकाचा सोळा वर्षांचा मुलगा. आणीबाणीच्या काळातील राजकारणाला विटून वडील कॅनडात स्थलांतर करायचे ठरवतात. जून १९७७ मध्ये कुटुंब आणि काही प्राणी मद्रासहून एका जपानी मालवाहू जहाजाने निघतात, आणि २ जुलै रोजी ते जहाज पॅसिफिक महासागरात बुडते. जीवरक्षक नौकेत उरतात पाय, एक झेब्रा, एक तरस, एक ओरांगउटान आणि रिचर्ड पार्कर हा बंगाली वाघ. थोड्याच दिवसांत पाय आणि वाघ एवढेच राहतात. दोनशे सत्तावीस दिवसांनी नौका मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागते.

साच्याची प्रत्येक खूण येथे सापडते, पण थोडी पालटून. प्रस्थानाची हाक नायकाला आलेली नाही. ती वडिलांच्या निर्णयाने लादली गेली आहे. प्राचीन वीराला देवता शस्त्र देते; पायला नौकेतील पेटीत सापडते ती तगून राहण्याच्या सूचनांची पुस्तिका, मासेमारीचे सामान आणि खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारी उपकरणे. गुरूचा उपदेशही त्याला पूर्वीच मिळालेला आहे: वडिलांनी लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत वाघापुढे बकरी सोडून, वाघ हा वाघ असतो, हे त्याला दाखवले होते. राक्षसाचा वध येथे नाही. वाघाला मारून भागत नाही, कारण त्याच्या धाकानेच पाय जागा राहतो, मासे पकडतो, निराशेत बुडत नाही. शत्रूला पोसणे हीच येथली तपश्चर्या होय. किनारा येतो तेव्हा वाघ मागे वळूनही न पाहता जंगलात निघून जातो आणि तो मुलगा ढसढसा रडतो.

परंतु कादंबरीचे मर्म याही पुढे आहे. जहाज का बुडाले याची चौकशी करण्यासाठी दोन जपानी अधिकारी इस्पितळात येतात. प्राण्यांची गोष्ट त्यांना पटत नाही. तेव्हा पाय दुसरी गोष्ट सांगतो. तीत प्राणी नाहीत; एक जखमी खलाशी आहे, एक क्रूर आचारी आहे, पायची आई आहे आणि पाय स्वतः आहे. आचारी खलाशाला आणि आईला मारतो. पाय आचाऱ्याला मारतो आणि ‘मिन्योनेट’च्या होडीत जे घडले तेच येथेही घडते. अधिकारी ताळा जमवतात: झेब्रा तो खलाशी, तरस तो आचारी, ओरांगउटान ती आई. मग वाघ कोण, हे सांगावे लागत नाही. जहाज बुडण्याचे कारण दोन्ही गोष्टींतून कळत नाही. पाय फक्त विचारतो की, यांतली चांगली गोष्ट कोणती? दोघेही वाघाची गोष्ट निवडतात, आणि अखेरच्या सरकारी अहवालातही वाघ राहतो.

अनेकांनी या शेवटाचा अर्थ श्रद्धेच्या अंगाने लावला आहे, आणि हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान अशा तिन्ही वाटांनी एकाच वेळी जाणाऱ्या पायची कथा तसा अर्थ देतेही. तथापि नावाच्या इतिहासाकडे पाहिले असता आणखी एक अर्थ उघड होतो. पो यांच्या कथेत आणि १८८४ च्या होडीत रिचर्ड पार्कर हा खाल्ला गेलेला होता. मार्टेल यांच्या नौकेत तो खाणारा आहे, आणि तो जिवंत किनाऱ्याला लागतो. ज्याला बोलण्याची संधीच मिळाली नाही त्याचे नाव, तगून राहिलेल्याच्या अंतःकरणातील पशूला देण्यात आले आहे. जो परतला त्याच्या आत, जो परतला नाही तो कायमचा वसतीस आला आहे. डडलीने उघडपणे सांगितले आणि शिक्षा भोगली. पाय वाघाच्या कातड्याआडून सांगतो आणि ऐकणाऱ्यालाच न्यायासनावर बसवतो. तिसऱ्या टप्प्यावरचे वरदान ते हेच: एक कथा, जी पत्करताना ऐकणाऱ्यालाही तिचे मोल काय ते ठरवावे लागते.

मुचुकुंदाला परतण्यासाठी कोणी उरले नव्हते, म्हणून तो हिमालयात गेला. पायलाही कोणी उरले नव्हते. तरी तो माणसांत आला, कारण सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही होते. आणि सतरा वर्षांच्या त्या खलाशी पोराचे काय? साउदॅम्प्टनच्या पिअरट्री येथील चर्चच्या आवारात त्याची स्मृतिशिला आहे. देह मात्र तेथे नाही. एल्पेनॉरने वल्हे रोवण्याची विनंती केली होती. रिचर्ड पार्करला तीही करता आली नाही. ती त्याच्या वतीने एका कादंबरीने, एकशे सतरा वर्षांच्या अंतरावरून, केली असे म्हणावे लागेल.